लिहिलेलं ‘तो’, वाचायचं ‘ती’

बालाजी घाटाच्या वरच्या गल्लीतल्या दहीवाल्याने आपलं दुकान दुसऱ्या गल्लीत नेलं, त्याचं खरं कारण नीलकंठ सप्तर्षी होते, असं तिथले लोक अजून सांगतात. ‘दही खट्टी है’ असं तो म्हणायचा आणि सप्तर्षी पायरीवर थांबायचे. “खट्टा. दही पुल्लिंगी आहे.” हिंदीत दही खट्टी की खट्टा या प्रश्नावर अर्धं बनारस एका बाजूला आहे आणि व्याकरण दुसऱ्या. व्याकरणाच्या बाजूला त्या गल्लीपुरते सप्तर्षी एकटेच होते. एकदा दहीवाला वैतागून म्हणाला, “गुरुजी, ले जाइए, खा के देखिए, और आप ही तय कीजिए कि मर्द है या औरत.” सप्तर्षींनी मातीचा कुल्हड घरी नेला, दही खाल्लं, रात्रभर विचार केला आणि सकाळी येऊन सांगितलं, “खट्टा.”

माणूस वाईट नव्हता. उलट इतका निरुपद्रवी की गल्लीतला सांडसुद्धा त्यांना वाट देई. पाच पिढ्यांपूर्वी त्यांचे कुणी पूर्वज वाईहून काशीला आले, गंगेत बुडी मारली, वर आले आणि परत जायचं विसरले. तेव्हापासून घरात मराठी होती. सणावाराच्या पितळी भांड्यासारखी ती घासूनपुसून ठेवलेली असे आणि वापरताना जरा जड लागे. बाहेरची मंडळी ‘मला मालूम नाही’, ‘जरा ठहरा’ असं बिनदिक्कत बोलत. सप्तर्षींच्या घरात मात्र ‘ठहरा’ म्हणणाऱ्याला खरोखरच ठहरावं लागे, कारण त्याला ‘थांबा’ची सगळी रूपं म्हणून दाखवल्याशिवाय पुढचं ताट मिळत नसे.

चाळीस वर्षं त्यांनी एका पाठशाळेत संस्कृत व्याकरण शिकवलं. नव्या वर्गाचा पहिला तास ठरलेला. “संस्कृतात बायकोला तीन शब्द आहेत. दार, भार्या, कलत्र. दार पुल्लिंगी, भार्या स्त्रीलिंगी, कलत्र नपुंसकलिंगी. बायको एकच! म्हणजे शब्दाचं लिंग वेगळं आणि माणसाचं वेगळं. हे ज्याला कळलं, तो पास.” पोरं हसत. घरी गीताबाईंनी हा धडा इतक्यांदा ऐकला होता की त्यांनी त्यातून सोयीचा अर्थ काढून ठेवला होता. डोकं दुखत असलं की त्या अंथरुणातून सांगत, “अहो, आज मी दार आहे, पुल्लिंगी. कुकर तुम्ही लावा.”

या घरात ऋतुराजचा जन्म झाला. एकुलतं एक मूल. बोलू लागलं तेव्हापासून त्याच्या मराठीत एक चूक होती. ‘मी जाते’, ‘मी खाते’, ‘मी झोपते’. सप्तर्षींनी पहिल्यांदा प्रेमाने सांगितलं, “जातो म्हणावं.” मग रागाने सांगितलं. मग विद्वान माणसं हरल्यावर जे करतात ते केलं. वही काढली. त्यांना उलगडा झाला होता! बनारसात पुरुष काय, बाई काय, सगळे ‘हम जाते हैं’ म्हणतात. रस्त्यावरचं ते ‘जाते’ पोराच्या मराठीत शिरलं होतं. त्यांनी या विषयावर बावीस पानी निबंध लिहिला, ‘एका सात वर्षांच्या मुलाच्या उदाहरणासह’, आणि महाराष्ट्र मंडळाच्या वार्षिक सभेत वाचला. त्यांना शाल मिळाली, नारळ मिळाला. उदाहरण पहिल्या रांगेत आईच्या मांडीवर बसलं होतं. टाळ्या संपल्यावर ते म्हणालं, “आई, मी दमले.” सभेत हशा पिकला. सप्तर्षींनी वहीत अजून एक ओळ टिपली.

वीस वर्षांनी, पुण्याला विमा कंपनीत नोकरी लागल्यावर, त्या उदाहरणाने घरी फोन करून सांगितलं, की मी मुलगी आहे, कायमच होते, आणि आता माझं नाव इरावती.

गीताबाई थोडा वेळ रडल्या, मग म्हणाल्या, “जेवलीस का?” त्यांच्या बाजूने विषय संपला. त्यांनी फोन नवऱ्याकडे दिला. सप्तर्षींनी घसा साफ केला. “इरा म्हणजे पाणी. त्याला वत् प्रत्यय. पुढे स्त्रीलिंगाचा ई. इरावती. रूप शुद्ध आहे.” आणि फोन परत दिला.

त्या दिवसापासून चार वर्षं नीलकंठ सप्तर्षी आपल्या लेकराशी एका नव्याच भाषेत बोलत राहिले. मराठीत मोठी पंचाईत अशी, की समोरच्याशी दोन वाक्यं बोलायची तर तो आहे की ती हे पहिल्याच क्रियापदात सांगावं लागतं. आलास की आलीस, जेवलास की जेवलीस. साधा माणूस यात पहिल्या मिनिटाला अडकेल. पण हा व्याकरणाचा आचार्य होता. ‘जेवण झालं?’, ‘प्रकृती बरी?’, ‘सुट्टी कधी मिळणार?’, ‘पोहोचल्यावर फोन यावा.’ शेणाने भरलेल्या गल्लीतून पांढरं धोतर सांभाळत जावं तसे ते एकेका वाक्यातून पाय न माखता बाहेर पडत. अरे नाही, अगं नाही. वर्षानुवर्षं एकही डाग नाही. गीताबाई एकदा म्हणाल्या, “अहो, पोस्टाच्या तारेसारखं काय बोलता तिच्याशी?” त्यावर ते म्हणाले, “भाषा शुद्ध आहे.”

ते दुष्टपणाने करत नव्हते, हे इथे सांगायला हवं. ‘तो’ म्हटलं तर लेकरू दुखावेल हे त्यांना कळत होतं. ‘ती’ म्हणायला गेलं की जीभ टाळ्याला चिकटून बसे. मग मधल्यामध्ये, दोन्ही काठ टाळून, ते नपुंसकलिंगाच्या होडीत बसून राहिले होते.

गेल्या वर्षी पौषात गीताबाई गेल्या. चार दिवसांचा ताप, पाचव्या दिवशी काही नाही. इरावती विमानाने आली. दारात नातेवाईक जमलेले. तिने बापाकडे पाहिलं, बापाने जमिनीकडे. मग ती आत गेली, केस बांधून टोपीत घातले, बापाचं जुनं धोतर नेसली, आणि बाहेर येऊन ऋतुराज म्हणून आईला अग्नी दिला. परत जाताना तिने एवढंच सांगितलं, “आईसाठी एक दिवस तो झाले. पुन्हा नाही.”

सप्तर्षींच्या आयुष्यात हिब्रू आली ती या सगळ्याच्या जरा आधी. तामार नावाची चाळिशीतली एक इस्रायली बाई त्यांच्याकडे व्याकरण शिकायला येई. उंच, विस्कटलेल्या केसांची, चपला कायम कुठेतरी विसरणारी. गुरुदक्षिणा घ्यायला सप्तर्षी तयार नव्हते, तेव्हा ती म्हणाली, मग मी तुम्हाला माझी भाषा शिकवते. ती भाषा उजवीकडून डावीकडे लिहितात हे ऐकून त्यांना काही नवल वाटलं नाही. बनारसात वाहतूकही तशीच चालते. दोघं पंचगंगा घाटाच्या पायऱ्यांवर बसून संस्कृतात बोलत. प्रवासी त्यांचे फोटो काढत. गीताबाई गेल्यावर तर सप्तर्षींना दुसरा उद्योगच उरला नाही. घरी बोलायला कुणी नव्हतं, म्हणून ते तीन हजार वर्षांपूर्वीच्या लोकांचं बोलणं वाचत बसले.

या डिसेंबरात, ज्यूंच्या धर्मशास्त्राच्या पहिल्या पाच ग्रंथांतली पहिली बाई वाचत असताना, ते एकदम ताठ बसले. संस्कृतातला तो संवाद मराठीत असा झाला असता:

“चूक सापडली!” त्यांचा चेहरा वर्षभरात पहिल्यांदा उजळला होता. “वाक्यात बाई आहे. क्रियापद बाईचं आहे. आणि सर्वनाम? ‘तो’!”

“चूक नाही,” तामार म्हणाली. “लिहायचं ‘तो’, वाचायचं ‘ती’.”

“म्हणजे?”

तिने पेन्सिलीने दाखवलं. तीन अक्षरांचा शब्द. मधलं अक्षर म्हणजे नुसती एक रेघ. ती लांब ओढली की ‘तो’, आखूड ठेवली की ‘ती’. या पाच ग्रंथांत जवळजवळ सगळीकडे बाईला ‘तो’ लिहिलंय. आखूड रेघेची खरी ‘ती’ जेमतेम अकरा ठिकाणी.

“मग दुरुस्त का केलं नाही कुणी?”

“अक्षराला हात लावायचा नाही. छापील पुस्तकात अक्षराखाली एक टिंब देतात. ते टिंब सांगतं, वाच ‘ती’. पण प्रार्थनेच्या वेळी जी हाताने लिहिलेली गुंडाळी वाचतात, तिच्यात टिंबही नसतं. वाचणाऱ्याला पाठ असावं लागतं.”

“आणि कुणी जसं लिहिलंय तसं वाचलं तर?”

“तर समोरचे सगळे एका आवाजात ओरडतात. सुधारल्याशिवाय त्याला पुढे जाऊ देत नाहीत.”

सप्तर्षींना इतका आनंद झाला की त्यांनी थंडीत उपरणं काढून ठेवलं. त्यांच्या वैदिक घराण्यात पिढ्यान्पिढ्या हेच सांगितलं गेलं होतं, की कागदावरचं खरं नव्हे, तोंडातलं खरं. त्यांनी विचारलं, या ‘तो’चा अर्थ काय लावतात? तामारने बोटांवर मोजायला घेतलं. श्रद्धाळू म्हणतात, एकेक अक्षर मुद्दाम तसं आहे, त्यात गुपित आहे. काही पंडित म्हणतात, पूर्वी दोघांना एकच सर्वनाम होतं. दुसरे म्हणतात, छे, जुन्या लिपीत लांब रेघ आणि आखूड रेघ सारखीच दिसायची, लेखनिकांनी घोळ घातला. आणि आता अलीकडे काही लोक आहेत, ज्यांना जन्मल्यावर ‘तो’ लिहिलं गेलं आणि ज्या स्वतःला ‘ती’ म्हणून ओळखतात. त्या म्हणतात, बघा, पोथीत आम्ही आहोत. त्यावर बाकीचे संतापतात, की आपली दुखणी पोथीत घुसडू नका.

सप्तर्षींनी काढून ठेवलेलं उपरणं पुन्हा अंगावर घेतलं. मग अगदी सहज विचारावं तसं म्हणाले, “पुरुषाने बाईचं वस्त्र नेसू नये, असंही आहे ना त्यात?”

“आहे. एक जुना टीकाकार म्हणतो, फसवून परक्या बायकांत शिरण्यासाठी नेसू नये, एवढाच त्याचा अर्थ. दुसरा म्हणतो, वस्त्र म्हणजे वस्त्र.”

“आणि फसवणूक नसेल तर?”

तामारने पेन्सिल खाली ठेवली. “तुम्हाला मुलं किती?”

“एक अपत्य आहे.”

“मुलगा की मुलगी?”

“अपत्य शब्द नपुंसकलिंगी आहे.”

“मी शब्दाचं नाही विचारलं,” ती म्हणाली.

मग सप्तर्षींनी सांगितलं. सांगतानाही सगळं ‘अपत्य’ धरूनच सांगितलं. अपत्य पुण्यात असतं, अपत्याने नाव बदललं आहे. तामार शहाणी होती, हसली नाही. “म्हणजे तुम्हाला मुलगी आहे,” ती म्हणाली. आणि निघताना, चपला शोधता शोधता, पुढे म्हणाली, “हे टिंबाचं तिला सांगणार असाल तर सांगा. पण एक लक्षात घ्या. पोथीला घाई नसते. ती हजारो वर्षं थांबते.”

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात इरावतीचा फोन आला.

“बाबा, आईच्या वर्षश्राद्धाला मी येते. एकच मागणं आहे. सुमंतगुरुजींना आधी सांगून ठेवा, मुलगी येणार आहे म्हणून. तिथे सगळ्यांसमोर मला स्वतःची ओळख पटवून द्यायला लावू नका. तुमच्या तोंडून कळू दे त्यांना. जमेल?”

“जमेल,” सप्तर्षी म्हणाले.

“नक्की?”

“सांगेन.”

ते सांगायला तीनदा गेले, हे त्यांच्या बाजूने नमूद करायला हवं. सुमंतगुरुजी त्यांचे पाठशाळेपासूनचे मित्र, दोन गल्ल्या सोडून घर. पहिल्यांदा गेले तेव्हा गुरुजींनी गुडघ्याचं दुखणं काढलं, ते दोन तास चाललं. दुसऱ्यांदा गुरुजी झोपले होते, आणि त्यांना न उठवता सप्तर्षी इतक्या हलक्या पावलांनी परतले की देवळात चोरी करून निघाले आहेत असं वाटावं. तिसऱ्यांदा धीर करून म्हणाले, “सुमंता, वर्षश्राद्धाला घरचं कुणी येणार आहे.”

“घरचं म्हणजे?”

“घरचंच.”

“येऊ दे की,” गुरुजी म्हणाले. आणि विषय गुडघ्यावर गेला.

श्राद्धाच्या आदल्या दुपारी इरावती आली. सुती साडी, अंगावर शाल, खांद्याला प्रवासी पिशवी. सप्तर्षींनी दार उघडलं. चार वर्षं फोनवर साधलेलं व्याकरण आता समोरासमोर साधायचं होतं.

“प्रवास बरा झाला?”

“झाला,” ती म्हणाली. “तुमचा मात्र अजून चालूच आहे वाटतं.”

चहा त्यांनीच केला. चांगला झाला होता. तिने तसं म्हटलं, त्यांना बरं वाटलं. मग त्यांनी हिब्रू पुस्तक आणलं. महिनाभर ज्या क्षणाची ते वाट बघत होते तो आला होता. मधली रेघ दाखवली, खालचं टिंब दाखवलं, अकरा जागा सांगितल्या, सगळे एका आवाजात कसे ओरडतात ते तर त्यांनी हात उंचावून करून दाखवलं. इरावती ऐकत होती. तिला आपला बाप असा फुललेला आवडे. लहानपणी तो तिला संधी शिकवताना असाच फुले.

“म्हणजे तुमचं म्हणणं काय?” तिने शेवटी विचारलं.

“तोडगा आहे,” ते म्हणाले. “घराण्याच्या वंशावळीत ऋतुराज लिहिलेलं आहे, ते राहू द्यायचं. अक्षराला हात लावायचा नाही. पण वाचताना... वाचताना इरावती. हजारो वर्षांची परंपरा आहे त्याला. कुणाचा अपमान नाही.”

इरावतीने पिशवीतून पाकीट काढलं आणि चहाच्या कपांच्या मधल्या जागेत एकेक कार्ड मांडलं. आधार. पॅन. मतदार ओळखपत्र. कंपनीचं ओळखपत्र.

“वाचा.”

सप्तर्षींनी चष्मा वर सरकवला. चारही ठिकाणी एकच होतं. इरावती नीलकंठ सप्तर्षी. जिथे लिंग लिहिलं होतं, तिथे स्त्री.

“यासाठी किती कचेऱ्यांच्या रांगेत उभी राहिलेय मी, माहीत नाही तुम्हाला. माझं लिहिलेलं सगळीकडे ‘ती’ आहे, बाबा. सरकारने लिहिलं. कंपनीने लिहिलं. तो कारकून चष्म्यावरून तीनदा माझ्याकडे बघून, पण लिहिलं त्याने. वाचणारेही ‘ती’ वाचतात. भाजीवाली वाचते, घरमालक वाचतो. राहिलात तुम्ही. तुम्ही ना ‘तो’ वाचत, ना ‘ती’. तुम्ही ती ओळच गाळता.” तिने आधार कार्ड त्यांच्यापुढे सरकवलं. “पोथी उलटी धरली आहे तुम्ही.”

सप्तर्षी प्रामाणिक पंडित होते. शास्त्रार्थात हरले की मान्य करत. “शंका बिनतोड आहे,” ते म्हणाले.

“शंका नाही हो ती,” इरावती म्हणाली, आणि कार्डं गोळा करू लागली. मग आवाज सौम्य करून विचारलं, “गुरुजींना सांगितलंत ना?”

“त्यांच्याकडे जाणं झालं होतं. तीनदा.”

तिला त्यात होकार ऐकू आला. तिने त्यांच्या हातावर हात ठेवला. “थँक यू, बाबा.” सप्तर्षींनी त्या हाताकडे पाहिलं. खुलासा करायला तोंड उघडलं आणि चहाचा आणखी एक घोट घेतला. कप रिकामा होता.

सकाळी पंचगंगा घाटावर धुकं होतं. वरची मशीद दिसत नव्हती, खालची गंगा दिसत नव्हती, मधल्या पायऱ्या तेवढ्या होत्या. सुमंतगुरुजी माकडटोपी घालून, तीळ, दर्भ, पिठाचे गोळे मांडून बसले होते. गल्लीतली चार मंडळी शाली लपेटून कडेला. बाप-लेक खाली उतरले.

“ये नीळू. कर्ता कुठाय? ऋतुराजची गाडी लेट आहे काय?” गुरुजींनी विचारलं. मग मागे पाहिलं. “आणि ह्या ताई कोण?”

इरावतीने मान झटकन वळवून बापाकडे पाहिलं.

हा तो क्षण. एक शब्द, तीन अक्षरं, ‘मुलगी’. चाळीस वर्षं व्याकरण शिकवलेल्या माणसाने तो शब्द मनात उचलला, ओठांपर्यंत आणला, आणि चार शालींच्या आतली चार तोंडं आपल्याकडे वळलेली पाहिली.

“हे... आपलं लेकरू,” ते म्हणाले.

“लेकरू म्हणजे?” गुरुजींना काही कळेना.

सप्तर्षी खाली बघून दर्भ मोजू लागले.

“गुरुजी, मी इरावती,” ती म्हणाली. आवाज स्थिर होता. “ह्यांची मुलगी. लहानपणी तुम्ही मला ऋतुराज म्हणायचात.”

गुरुजींनी माकडटोपी काढली. डोकं खाजवलं. टोपी घातली. तिच्या चेहऱ्याकडे डोळे बारीक करून पाहिलं, आणि त्यात त्यांना बहुधा गीताबाई दिसल्या.

“अरे नीळू, मग आधी सांगायचं ना रे!” ते उखडले. “दोनदा घरी येऊन माझ्या गुडघ्याचं ऐकत बसलास गाढवासारखा! मी इथे मुलाच्या बेताने जानवं-बिनवं आणून ठेवलंय. आधी कळलं असतं तर सगळं नीट योजलं नसतं का?” मग तिच्याकडे वळून, “ये ग बाळ, बस इथे. तुझ्या आईच्या हातची खीर वीस वर्षं खाल्ली आहे मी. ही काशी आहे. इथे कशालाही वचन सापडतं, आणि नाही सापडलं तर सुमंत शोधतो. कन्या म्हणू, त्यात काय? नीळू, बाजूला सरक.”

सप्तर्षी बाजूला सरकले.

इरावती बसण्याआधी एकदाच म्हणाली, “तुम्ही सांगितलंच नव्हतं.” तो प्रश्न नव्हता.

मग श्राद्ध यथासांग झालं. “पाणी सोड ग. आईचं नाव घे. असं नाही, अंगठ्याच्या बाजूने, हां. थंडी वाजते का ग? झालं, आता एवढाच गोळा उचल. पदर सांभाळ, भिजेल.” ‘ग’ हे अक्षर सुमंतगुरुजींच्या तोंडून तिळाच्या दाण्यासारखं सहज सांडत होतं. शालीतल्या चार मंडळींपैकी एकीने पुढे होऊन इरावतीचा पदर खोचून दिला. कुणी ओरडलं नाही, कुणाचा धर्म बुडाला नाही. गंगा जशी वाहत होती तशीच वाहत राहिली. सप्तर्षी दोन पायऱ्या वर, ओल्या दगडावर बसून हे ऐकत होते. त्यांच्या लक्षात येत होतं, की भिंत म्हणून आपण जिला वर्षानुवर्षं वळसा घालत आलो, तिथे भिंत नव्हती. होतो ते आपणच.

सगळं आटोपल्यावर इरावतीने गुरुजींना वाकून नमस्कार केला, मग बापाला. त्यांचा हात तिच्या डोक्यावर गेला. हात बरोबर गेला, त्याला कधीच अडचण नव्हती.

“मी इथूनच स्टेशनवर जाते,” ती म्हणाली. “पिशवी आणलीच आहे. बाबा, पुढच्या वर्षीपासून आईचं मी पुण्यातच करीन. तुमच्याशी भांडण नाही. फोन करत जाईन. पण इथे नाही येणार आता.”

“गाडी धुक्याने उशिरा असेल,” सप्तर्षी म्हणाले.

“असेल.”

“सांभाळून.”

तिने क्षणभर वाट पाहिली. त्या ‘सांभाळून’च्या पुढे काही येतं का, ते बघत होती. मग पिशवी खांद्याला लावून पायऱ्या चढू लागली. पंचगंगेच्या पायऱ्या उभ्या आहेत, भलेभले मध्ये दोनदा थांबतात. ती थांबली नाही. पंधराव्या पायरीला तिचे पाय धुक्यात गेले, विसाव्या पायरीला पाठ. हाक मारायला पुष्कळ वेळ होता. एक हाक, हाकेच्या शेवटी एक ‘ग’, बस. सप्तर्षी उभे राहिले, त्यांनी श्वासही घेतला. मग नुसताच सोडला.

मंडळी पांगली. गुरुजी गुडघा चोळत वर गेले. जाताना त्यांनी नीळूकडे पाहिलं आणि आयुष्यात प्रथमच काही बोलले नाहीत.

खाली होडी बांधून बसलेला मोहन मल्लाह बराच वेळ हे बघत होता, आणि ती चढत असताना बिडी आणायला वर जाऊन आला होता. पन्नाशीचा माणूस, बिडी ओढत, अंगावर घोंगडी.

“गुरुजी, वो कौन थीं?” त्याने विचारलं. “बहुत रो रही थीं ऊपर जाते-जाते.”

तिचं रडणं सप्तर्षींना दिसलं नव्हतं. त्यांना फक्त पाठ दिसली होती. त्यांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि सवयीने मधली वाट शोधली. पण प्रश्न हिंदीत होता. हिंदीत नपुंसकलिंग नाही. तिथे दोनच काठ आहेत, मध्ये बसायला होडी नाही.

“बेटी है,” ते म्हणाले. “हमारी बेटी है.”

मोहनने मान डोलावली. त्याच्या दृष्टीने त्यात आश्चर्य करण्यासारखं काहीच नव्हतं. लोकांना मुली असतात. “तो पहले बताए होते गुरुजी,” तो म्हणाला, “हम नाव से राजघाट छोड़ आते, वहाँ से स्टेशन पास है. सामान लेकर इतनी सीढ़ी काहे चढ़तीं?”

सप्तर्षींनी वर पाहिलं. धुकं थोडं विरलं होतं. पायऱ्या वरपर्यंत दिसत होत्या आणि रिकाम्या होत्या.

“बेटी है,” ते पुन्हा म्हणाले, जरा मोठ्याने.

“हाँ गुरुजी, सुन लिए,” मोहन बिडी विझवत म्हणाला. “एक बार बोले न.”